आजोबांची वेल, नातवाचा घड

मंडळी, तुमच्या गावात द्राक्षबागा असतील, तर हा प्रसंग तुम्ही पाहिलाच असेल. बागेला पंधरा-सोळा वर्षे झालेली असतात. खोडे जाड झालेली, ओलांडे मध्येमध्ये वाळलेले, घडांची संख्या उतरलेली. औषधांचा खर्च मात्र तेवढाच. मग एका संध्याकाळी ओट्यावर बापलेकांचे बोलणे होते. मुलगा म्हणतो, "आबा, ही बाग आता काढून टाकू. नवी जात लावू." आबा काही बोलत नाहीत. उन्हाळ्यात टँकरचे पाणी घालून ती बाग त्यांनी जगवलेली असते. पुढच्या आठवड्यात तारा उतरतात आणि खोडे चुलीपाशी रचली जातात.

यात मुलाचे चुकले असे कोणी म्हणणार नाही. हिशेब हा हिशेब असतो. पण आज तुम्हांला अशा एका मुलखात न्यायचे आहे, जिथे साठ-सत्तर वर्षांच्या वेली अजून घड देत उभ्या आहेत. तिथल्या घरांतही बाग काढायची की राखायची, हा वाद होतोच. फक्त तिथे त्या वादात पणजोबाही बसलेले असतात, कारण वेल त्यांच्या हातची असते.

हा मुलूख फ्रान्स देशातला. नाव बर्गंडी. द्राक्षाची जात पिनो न्वार, म्हणजे काळी पिनो. या द्राक्षांची तांबडी वाइन होते, हे आधीच सांगतो. आपल्या पुष्कळ घरांत माळकरी मंडळी आहेत, आणि व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरेही आपण पाहिली आहेत. तेव्हा पिण्याची भलावण येथे करायची नाही. आपल्याला पाहायचा आहे तो तिथला शेतकरी आणि त्याची बाग.

सोनेरी उतार

दिजों नावाच्या शहरापासून दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटर एक बुटकी डोंगररांग जाते. तिच्या पूर्वेकडच्या उतारावर द्राक्षांचा एक अरुंद पट्टा आहे. रुंदी बहुतेक ठिकाणी किलोमीटर-दोन किलोमीटरच. या भागाला कोत दोर म्हणतात. या नावाचा अर्थ पुष्कळजण सोनेरी उतार असा लावतात, आणि हिवाळ्याच्या तोंडाला पाने पिवळी पडली की तो पटतोही. झ्हेव्हरे-शांबेर्ते, व्होन-रोमाने, पोमार, व्होल्ने ही द्राक्षाच्या जगातली मोठी नावे येथलीच. गावे मात्र आपल्या वाड्या-वस्त्यांएवढी लहान.

जमीन चुनखडीची. वर डोंगराजवळ पातळ माती आणि दगड, खाली रस्त्याकडे खोल आणि जड माती. उत्तम द्राक्ष येते ते मधल्या उतारावर. सकाळचे ऊन लवकर लागते, पाणी साचत नाही आणि मुळांना खडकाच्या भेगांतून खाली जावे लागते. आपला अनुभवी बागाईतदार नाही का सांगत, काळीपेक्षा मुरमाड जमिनीत द्राक्षाला गोडी जास्त? तसेच हे.

आपल्याकडे प्रत्येक शेताला नाव असते. चिंचेचे वावर, विहिरीची पट्टी, म्हसोबाचा माळ. बर्गंडीतही तसेच आहे. तिथल्या शेताच्या अशा तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. एकूण १२४७ क्लिमा मोजलेले आहेत, आणि २०१५ साली युनेस्कोने हा सारा मुलूख जागतिक वारशाच्या यादीत घेतला. जमीन मोजण्याचे जुने मापही त्यांनी टाकलेले नाही. एका माणसाने एका दिवसात हाताने काम करावे एवढी जमीन म्हणजे एक 'उव्हरे'. आपल्या हिशेबाने सव्वाचार गुंठे. दोन शेतकरी भेटले की अजूनही याच मापात बोलतात.

भाऊबंदकी तिथेही आहे

आता तुम्हांला वाटेल, एवढ्या नामांकित मुलखात मोठमोठे बंगले आणि शेकडो एकरांचे मळे असतील. तसे नाही. साधारण घराकडे सहा-सात हेक्टर जमीन, म्हणजे पंधरा-सोळा एकर. तीही एका जागी नाही. चार ओळी या गावात, अर्धा एकर त्या गावात, दहा गुंठे तिसरीकडे.

याचे कारण इतिहासात आहे. सितो येथे १०९८ साली ख्रिस्ती साधूंचा एक मठ स्थापन झाला. या साधूंनी अंगमेहनतीने बागा लावल्या. क्लो द व्हूजो नावाची त्यांची बाग सुमारे पन्नास हेक्टरांची, भोवती दगडी भिंत. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, मठांच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या. पुढे १८०४ साली नेपोलियनचा कायदा आला आणि बापाच्या इस्टेटीत सर्व मुलांचा सारखा हक्क ठरला. न्यायाची गोष्ट खरी, पण जमिनीचे तुकडे पडत गेले. आज त्या एकाच भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत. काहींच्या वाट्याला मोजक्या ओळीच येतात.

एवढ्या लहान तुकड्यांवर घर कसे चालते? एक उपाय म्हणजे बटई. मालकाची जमीन दुसऱ्याने कसायची आणि पीक ठरल्या वाट्याने वाटून घ्यायचे. हा रिवाज तिथे अजून चालतो. बटईने कसणाऱ्या अशाच एका माणसाची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

सुरुंग लावून केलेली बाग

आंरी जाये हा व्होन-रोमाने गावचा शेतकरी. जन्म १९२२ चा. घरची जमीन थोडी. १९४५ साली त्याने गावातल्या कामुझे घराण्याच्या बागा बटईने कसायला घेतल्या आणि पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या कसल्या.

गावाच्या वरच्या अंगाला क्रो पारांतू नावाचा सुमारे एक हेक्टरचा तुकडा होता. वेलींवर आलेल्या किडीनंतर तो ओस पडला होता. युद्धाच्या काळात तिथे लोकांनी कंद लावून पोट भरले. जमीन म्हणजे चार बोटे माती आणि खाली कातळ. जाये याने ती थोडीथोडी विकत घेतली. लोकांना तो वेडेपणा वाटावा अशीच ती जमीन होती. त्याने कातळात शेकडो सुरुंग उडवले, दगड वेचून काढले आणि पिनो न्वार लावली.

फळ कधी मिळाले? लावणीनंतर पंचवीस वर्षांच्या सुमारास, १९७८ सालच्या पिकापासून त्या तुकड्याच्या नावाने वेगळ्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. तोवर वेली कातळात खोल गेल्या होत्या. तणनाशके आणि भरमसाट रासायनिक खत यांच्या तो विरोधात होता. कमी घड, स्वच्छ फळ, स्वच्छ तळघर, हा त्याचा मंत्र. २००६ साली तो वारला. २०१८ साली त्याच्या तळघरात उरलेल्या बाटल्यांचा जिनिव्हात लिलाव झाला, तेव्हा तीन कोटींहून अधिक स्विस फ्रँक आले. कोणी टाकून दिलेल्या कातळावरची ही कमाई. अर्थात एवढे भाव सगळ्यांच्या नशिबी नसतात. बहुसंख्य घरे कष्ट करून बेताने जगतात.

कलमाने वाचवलेला मुलूख

वर किडीचा उल्लेख आला. तिचे नाव फायलोक्झेरा. ही मुळांचा रस शोषणारी बारीक कीड अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फ्रान्समध्ये आली. १८६३ च्या सुमारास दक्षिणेत पहिल्या बागा वाळल्या. १८७८ साली ती कोत दोरमध्ये पोहोचली. शेकडो वर्षांच्या बागा डोळ्यांदेखत गेल्या.

उपाय सापडला तो कलमाचा. अमेरिकन जंगली वेलीची मुळे ही कीड सोसतात. तेव्हा खाली अमेरिकन खुंट आणि वर आपली पिनो न्वार. सुरुवातीला बर्गंडीत याला बंदी होती, परक्या मुळाने द्राक्षाची चव जाईल या भीतीने. १८८७ साली परवानगी मिळाली. आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलमे करण्याची पद्धत पुढे क्षारट जमीन, क्षारट पाणी आणि दुष्काळ यांच्यामुळे रुजली. कारण निराळे, विद्या तीच.

रोमाने-कोंती ही जेमतेम दोन हेक्टरांची जगप्रसिद्ध बाग मात्र हट्टाने बिनकलमी राहिली. मातीत औषध घालून आणि वेलींना दाब देऊन मालकांनी ती टिकवली. दुसऱ्या महायुद्धात ना औषध मिळे, ना माणूस. १९४५ साली बाटल्या भरल्या अवघ्या सहाशेच्या आसपास. अखेर त्याच वर्षी बाग उपटली. १९४७ साली कलमांची नवी लावण झाली, आणि १९४६ ते १९५१ अशी सहा वर्षे त्या नावाची एकही बाटली निघाली नाही. म्हणजे वेळ आली की तेही कुऱ्हाड उचलतात. फक्त आधी पुष्कळ विचार करतात.

म्हातारी वेल काय देते?

'व्हिये व्हिन्य', म्हणजे जुनी वेल, हे शब्द बाटलीवर छापायला फ्रान्समध्ये वयाची कायदेशीर अट नाही. साधारण चाळीस-पन्नास वर्षांपुढच्या वेलीला शेतकरी जुनी म्हणतात.

अशी वेल फळ कमी देते. घड लहान, मणी बारीक. आपल्या खाण्याच्या द्राक्षात हा दोष ठरतो. मणी फुगावा म्हणून आपण घड जीएच्या द्रावणात बुडवतो. तिथे उलट आहे. काळ्या पिनोचा गर पांढराच असतो. रंग आणि चव असते सालीत, आणि साल तर पातळ. मणी बारीक असला की रसाच्या मानाने साल जास्त पडते. म्हणून लहान मण्याला तिथे मान.

दुसरे म्हणजे मुळे. तिथे फळावरच्या बागेला पाणी देण्याचा रिवाज नाही. सारी भिस्त पावसावर. कोरड्या वर्षी नवी बाग कोमेजते, पण जुन्या वेलीची मुळे खडकाच्या भेगांत ओल शोधून तग धरतात. जाड खोडात अन्नाचा साठाही असतो. त्यामुळे वाईट वर्षातही तिचे पीक फारसे डगमगत नाही. घरातल्या आजीसारखेच हे. कामाचा झपाटा कमी, पण अडचणीच्या दिवशी तिच्याइतके स्थिर कोणी नसते.

पण नुसते वय झाले म्हणून वेल थोर होत नाही, हेही तिथले जाणते सांगतात. १९६० आणि १९७० च्या दशकांत पुष्कळांनी भरघोस पिकणारी पिनो लावली आणि पोटॅशचा मारा केला. फळ वाढले, पण त्यातली आंबट गोडी गेली, आणि जमीन पूर्ववत व्हायला कितीतरी वर्षे लागली. हलकी निवड म्हातारी झाली तरी हलकीच राहते.

वर्षभराची राबणूक

या बागा पाहिल्या तर आपल्याला नवल वाटेल. मांडव नाही. वेल गुडघ्या-मांडीएवढी बुटकी. दोन वेलींत एक मीटर, दोन ओळींतही साधारण एक मीटर. हेक्टरी दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार. आपल्या दहा बाय सहा फुटांच्या लावणीत एकरी सव्वासातशे बसतात. एवढ्या दाटीत साधा ट्रॅक्टर जात नाही. म्हणून त्यांचा ट्रॅक्टर उंच पायांचा असतो आणि ओळीच्या वरून चालतो. जमीन दबू नये म्हणून काही घरांनी पुन्हा घोड्याची नांगरट सुरू केली आहे.

आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरमध्ये गोडी. आपली वेल झोपतच नाही. म्हणून ती लवकर थकते. तिथे कडक थंडीत वेल तीन-चार महिने गाढ झोपते. त्या काळात, हाडे गोठवणाऱ्या हवेत, शेतकरी एकेक वेल छाटतो. एक काडी सहा-आठ डोळ्यांची आणि शेजारी दोन डोळ्यांचा खुंटारा, एवढेच ठेवतो. छाटलेल्या काड्या पिंपाच्या हातगाड्यात पेटवून त्यावर हात शेकतो. २२ जानेवारीला द्राक्षकऱ्यांचा संत व्हिन्सेंट याचा उत्सव असतो.

वसंतात काडी तारेला बांधणे, नको ते फुटवे काढणे. ही नाजूक कामे पूर्वापार बायकांच्या हातची. मग फवारण्या. तिथेही भुरी आणि केवडा आहेतच. गंधक आणि बोर्डो मिश्रण हीच त्यांची जुनी शस्त्रे. बोर्डो मिश्रण मुळी फ्रान्सचेच. बोर्डो शहराच्या परिसरात १८८० च्या दशकात त्याचा शोध लागला, आणि आज आपल्या गावातला पोरगाही चुना व मोरचूद मोजून ते तयार करतो. शेतकऱ्याची विद्या अशी समुद्र ओलांडून येते.

फुलोऱ्यानंतर साधारण शंभर दिवसांनी तोडणी. हाताने, कात्रीने, कमरेत वाकून. वीस-तीस तोडणारे, आणि त्या सगळ्यांचा स्वयंपाक घरच्या कारभारणीकडे. शेवटच्या दिवशी सगळे मिळून मोठे जेवण होते, त्याला 'पोले' म्हणतात. आपल्या खळ्यावरच्या जेवणासारखेच.

नंतर द्राक्षे निवडून टाकीत पडतात. सालीला लागलेल्या खमिरानेच रस उकळू लागतो. साली वर येतात, त्या रोज खाली दाबाव्या लागतात. काही घरांत अजून माणूस टाकीत उतरून पायाने तुडवतो. दोन-तीन आठवड्यांनी पिळून तो रस ओकच्या पिंपात भरतात. पिंप २२८ लिटरचे, त्यातून सुमारे तीनशे बाटल्या. वर्ष-दीड वर्ष ती पिंपे तळघराच्या थंडाव्यात राहतात. तोवर हातात पैसा नाही. आपली गाडी वाशीला गेली की पट्टी येते; तिथल्या घराला दोन वर्षांनी.

काढायची की राखायची?

आता मूळ वादाकडे येऊ. समजा, एका घरात एक हेक्टर जुनी बाग आहे आणि ती २५०० लिटर देते. तरुण बाग ४००० लिटर देईल. म्हणजे दरसाल दोन हजार बाटल्यांचा फरक. शिवाय जुन्या बागेत दरवर्षी काही वेली मरतात. विषाणू पानांना गुंडाळतो, बुरशी खोड पोखरते. मुलगा म्हणतो, काढून टाकू. आई विचारते, काढल्यावर काय? जमिनीला विश्रांती द्यायची, मग लावण, तिसऱ्या वर्षी पहिले कायदेशीर पीक, आणि मनासारखे फळ यायला दहा-पंधरा वर्षे. तोवर खायचे काय?

शिवाय वर आकाश आहे. बोन शहरातल्या १३५४ सालापासूनच्या तोडणीच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. पूर्वी तोडणी सरासरी २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली आहे. हिवाळा उबदार झाल्याने डोळे लवकर फुटतात आणि मग उशिराचे दहिवर त्यांना जाळते. एप्रिल २०२१ मध्ये असेच झाले. रात्रभर बागेत मेणाचे डबे पेटवून लोक जागले, तरी पुष्कळांचे पीक हातचे गेले. आपल्याला गारपीट जशी, तसे त्यांना हे दहिवर.

त्याहून मोठे संकट घरातच आहे. जमिनीचे भाव एवढे चढले की बाप गेल्यावर वारसा-कर भरायला आणि बहीण-भावांचे वाटे द्यायला रोकड नसते. मग जमीन विकावी लागते, आणि घेणारे असतात धनाढ्य. २०१४ साली क्लो दे लांब्रे ही बाग चैनीच्या वस्तू विकणाऱ्या एका बड्या कंपनीकडे गेली. क्लो द तार या बागेला ११४१ पासून तीनच मालक झाले होते. २०१७ साली तीही एका अब्जाधीश घराण्याने घेतली. वेल तीच, पण छाटणारा आता पगारी.

शहाण्या घरांनी यावर दोन वाटा काढल्या आहेत. पहिली वेलीसाठी. सारी बाग एकदम उपटायची नाही. मेलेल्या वेलीच्या जागी, त्याच बागेतल्या निरोगी आणि चांगल्या वेलींच्या काड्या कलम करून लावायच्या. अशा बागेत आजोबा, नातू आणि पणतू एकाच ओळीत उभे असतात. दुसरी वाट जमिनीसाठी. १९७० च्या कायद्याने तिथे कुटुंबाला जमिनीची सामाईक संस्था करता येते. वाटे कागदावर पडतात, उत्पन्न वाटले जाते; बांध मात्र पडत नाही.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, पिनो न्वार लावा असे काही माझे सांगणे नाही. ती थंडीची जात. नाशिकच्या उन्हात रमत नाही. आपली हवा वेगळी, छाटणी वेगळी, बाजार वेगळा. आपली वेल सत्तर वर्षे जगेल असेही नाही. पण तीन गोष्टी तिथल्या शेतकऱ्याकडून घेण्यासारख्या आहेत.

एक, कुऱ्हाड उचलण्याआधी बागेतून एक फेरी मारा. ज्या दहा-वीस वेली दरसाल उत्तम फळतात, त्यांना चिंधी बांधा आणि त्यांच्या काड्या राखा. तास-ए-गणेश तासगावच्या मुलखात आणि सोनाका सोलापूरजवळ नान्नजला अशाच निवडल्या गेल्या. थॉमसनच्या बागेत शेतकऱ्याच्या नजरेला वेगळी काडी दिसली म्हणून.

दोन, वही ठेवा. छाटणी कधी, फुलोरा कधी, पाऊस कधी. बोनच्या नोंदी साडेसहाशे वर्षांनी जगाच्या उपयोगी पडल्या. तुमची वही निदान नातवाच्या तरी पडेल.

तीन, आणि हे जरा कठीण आहे, बांधाचे बोलणे वडील हयात असतानाच करा. आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, पण कायद्याने मने जुळत नाहीत. पीक वाटून घ्या, विहीर आणि वावर शक्य तोवर एक ठेवा. अर्ध्या एकराच्या चार बागा चार भावांना पोसत नाहीत. दोन एकरांची एक बाग कदाचित पोसेल.

आणि एवढे करूनही बाग काढायचीच ठरली, तर मुलाने एक करावे. पहिला घाव घालण्याआधी आबांना बागेत न्यावे आणि विचारावे, "यातली कोणती वेल राखू?" आबा नेमकी वेल दाखवतील. तिची काडी नव्या खुंटावर बांधावी. मग आबा गप्प बसणार नाहीत. कलमाचा डोळा फुटला का, ते पाहायला रोज सकाळी तेच आधी बागेत जातील.